लष्करी विमान अपघातांचे चौकशी अहवाल : वाचावेत का, कुठले आणि कसे

लष्करी विमानांचं वेड असलेली चार माणसं जमली की गप्पांची गाडी कधी ना कधी अपघातांवर येतेच. कुणी म्हणतं पायलटनं घोळ घातला, कुणी म्हणतं इंजिननं दगा दिला, आणि एखाद्याला तर पंधरा सेकंदांची क्लिप बघूनच सगळा उलगडा झालेला असतो. आमच्या कंपूत या वादांवर आता एकच प्रश्न विचारला जातो : अहवाल वाचलास का?

अमेरिकेचं हवाई दल आणि ब्रिटनचं संरक्षण मंत्रालय आपल्या मोठ्या अपघातांचे चौकशी अहवाल लोकांसाठी खुले करतात. पीडीएफ, फुकट, कुणालाही उतरवून घेता येते. बहुतेक देश हे करत नाहीत, म्हणून या दोघांचं मोल जास्त. मी ही वाचकांसाठीची एक सेवाच समजतो आणि बरीच वर्षं ती मनापासून वापरतोय. माझं रोजचं काम हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त करण्याचं. तेल, सील, व्हॉल्व्ह, चुकीचं रीडिंग देणारे सेन्सर यांच्यात दिवस जातो. त्यामुळे विमान पडलं की वैमानिकाच्या हाताआधी मला तेलाची टाकी आठवते. पुढचं परीक्षण त्याच नजरेतून आहे.

अमेरिकी अहवाल हातात घेण्याआधी एक गोष्ट माहीत हवी, नाहीतर अपेक्षाभंग होतो. तिथे एका मोठ्या अपघाताच्या दोन चौकश्या होतात. पहिली सुरक्षेसाठी. तिच्यात साक्षीदारांना गुप्ततेची हमी असते, म्हणजे माणूस घाबरून काही दडवत नाही. ती बाहेर येत नाही, आणि येऊही नये असं माझं मत आहे. दुसरी असते अपघात चौकशी मंडळाची, आणि आपल्या हाती पडतो तो तिचा अहवाल. सुरुवातीला सारांश, मग घटनाक्रम, हवामान, देखभालीच्या नोंदी, चालक दलाचं प्रशिक्षण, आणि शेवटी मंडळाच्या अध्यक्षाचं मत. हे मत दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून धरता येत नाही, अशी कायद्याची तळटीपही सोबत असते. कागद नीटनेटका, भाषा कोरडी, वाक्यं छोटी. इंग्रजी बेताचं असणाऱ्यालाही हे अहवाल झेपतात. आद्याक्षरांचं जंगल मात्र आहे. त्यांची यादी वेगळी उघडून ठेवा.

हा अहवाल काय देतो याचा उत्तम नमुना म्हणजे बी-२, रडारला सहजी न दिसणारं अमेरिकी बॉम्बफेकी विमान. २३ फेब्रुवारी २००८, ग्वाम बेटावरचा अँडरसन तळ, ‘स्पिरिट ऑफ कॅन्सस’ नावाचं विमान. उड्डाण घेतानाच नाक भलतंच वर गेलं, वेग मेला, डाव्या पंखाचं टोक जमिनीला लागलं आणि दोघा वैमानिकांनी इजेक्शन केलं, म्हणजे खुर्चीसकट ते बाहेर फेकले गेले. दोघेही वाचले. विमान गेलं, किंमत सुमारे १४० कोटी डॉलर. क्लिप पाहिली की कुणीही म्हणेल, पायलटनं स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, फार ओढली. अहवाल सांगतो ते असं : विमानाच्या अंगावर हवेचा दाब मोजणारे २४ सेन्सर असतात. ग्वामच्या दमट हवेत त्यांतल्या काहींत पाणी शिरलं होतं. पाणी आत असतानाच त्यांचं कॅलिब्रेशन झालं, म्हणजे चुकीचा आकडा बरोबर मानून घेतला गेला. उड्डाणाच्या वेळी सेन्सरची हीटिंग सुरू झाली, पाणी उडून गेलं आणि ती दुरुस्ती उलटी अंगावर आली. संगणकाला वाटलं वेग पुरेसा आहे आणि नाक खाली झुकलंय. त्यानं कुणी आज्ञा न देताच नाक वर उचललं, सुमारे ३० अंश. कॉकपिटमधल्या माणसांना दिसणारा वेगही खोटाच होता.

यातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग पुढे येतो. आधी हीटिंग सुरू करून सेन्सर वाळवायचे आणि मगच कॅलिब्रेशन करायचं, ही युक्ती काही लोकांना २००६ पासून माहीत होती. पण ती कुठल्या पुस्तकात चढली नाही. ज्यांना कळली त्यांनी आपल्यापुरती वापरली, पुढच्या तुकडीपर्यंत ती पोचली नाही. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण प्रत्येक शॉपमध्ये अशी एक तरी गोष्ट असते जी एकाच मिस्त्रीच्या डोक्यात आहे आणि मॅन्युअलमध्ये नाही. घटनाक्रम क्लिपमध्ये दिसतो, ही उणीव फक्त अहवालात सापडते.

अलीकडच्यापैकी २८ जानेवारी २०२५ चा अलास्कातल्या आयल्सन तळावरचा एफ-३५ए या लढाऊ विमानाचा अहवाल तर माझ्याच धंद्याचा आहे. तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास. उड्डाणानंतर पुढचं चाक पूर्ण आत गेलं नाही, पुन्हा खाली घेतलं तर डावीकडे वळून अडकलं. वैमानिक हवेत फिरत राहिला आणि विमान बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरांशी सुमारे ५० मिनिटं कॉन्फरन्स कॉलवर बोलत राहिला. चाक सरळ व्हावं म्हणून त्यानं दोनदा टच अँड गो केलं, म्हणजे चाकं धावपट्टीला टेकवून लगेच पुन्हा उड्डाण केलं. पण तोवर मुख्य चाकांच्या स्ट्रटमध्येही, म्हणजे धक्का झेलणाऱ्या दांड्यांतही, बर्फ झाला होता. दुसऱ्या वेळी वर उठताना स्ट्रट पूर्ण उघडले नाहीत, त्यामुळे ‘चाकांवर वजन आहे’ असं सेन्सरनी कळवलं, आणि हवेत असलेल्या विमानानं स्वतःला जमिनीवर असल्यासारखं चालवायला घेतलं. ते हाताबाहेर गेल्यावर वैमानिकानं इजेक्शन केलं. त्याला किरकोळ दुखापत झाली.

तपासणीत हायड्रॉलिक तेलाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाणी निघाला. एक तृतीयांश! माझ्या प्रेसमध्ये याच्या कितीतरी कमी पाणी आलं तरी तेल दुधाळ दिसतं, पंप ओरडायला लागतो. तेलाच्या बॅरलांच्या साठवणुकीवर आणि वाटपावर नीट देखरेख नव्हती, तेल भरण्याच्या पद्धती पाळल्या गेल्या नव्हत्या, हे मंडळानं स्पष्ट लिहिलं आहे. अतिथंडीत हे सेन्सर फसू शकतात अशी सूचना कंपनीनं आदल्या वर्षी काढली होती, आणि कॉलवरच्या लोकांनी ती लक्षात घेतली असती तर त्यांनी दुसरा टच अँड गो सुचवला नसता, असंही त्यात म्हटलंय. घटनेनंतर नऊ दिवसांनी त्याच तळावरच्या दुसऱ्या एफ-३५ च्या चाकांतही बर्फ झाला; ते विमान सुखरूप उतरलं. अतिप्रगत विमान तेलाच्या बॅरलमुळे पडलं, हे जगापुढे स्वतःच्या सहीनं मांडायला धारिष्ट्य लागतं. त्याचं श्रेय मी त्या मंडळाला देतो.

आता अमेरिकी पद्धतीची कमजोरी. शेवटचं मत एका माणसाचं असतं आणि त्याचा कल एक कारण पकडण्याकडे असतो. १६ नोव्हेंबर २०१० ला अलास्कात एफ-२२ लढाऊ विमान पडलं तो अहवाल याच कारणासाठी वाचावा. इंजिनकडून येणाऱ्या गरम हवेची गळती ओळखून यंत्रणेनं ती हवा बंद केली, आणि तिच्याबरोबर वैमानिकाचा ऑक्सिजनही थांबला. आपत्कालीन ऑक्सिजन सुरू करायला खुर्चीच्या बाजूची एक छोटी कडी ओढावी लागते. रात्र, अंगावर थंडीचे जाड कपडे, डोळ्यांवर नाइट व्हिजन गॉगल, आणि श्वास कोंडलेला. अध्यक्षांनी कारण लिहिलं ते वैमानिकाचं : त्याचं लक्ष एकाच गोष्टीत अडकलं, उपकरणांवरची नजर सुटली, दिशाभान गेलं. ऑक्सिजन बंद पडणं हे मूळ कारण धरलंच गेलं नाही. पुढे फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी सांगितलं की अहवालातले निष्कर्ष त्यातल्या तथ्यांवर नीट उभे राहत नाहीत. हवाई दल आपल्या मतावर ठाम राहिलं. म्हणून माझा आग्रह आहे की शेवटचं मत आधी वाचू नका. तथ्यांचा भाग वाचा, स्वतःचं मत बनवा, मग अध्यक्षांचं पाहा. आमच्या गप्पांत आता हीच पद्धत आहे, आणि त्यामुळे वादांची पातळी खरंच वाढली.

ब्रिटिश अहवाल वेगळ्या जातीचे. त्यांना सर्व्हिस इन्क्वायरी म्हणतात. लांबलचक असतात, पण कारणांची मांडणी फार विचारपूर्वक केलेली असते : थेट कारण, हातभार लावणारे घटक, परिणाम आणखी वाईट करणारे घटक, आणि या अपघाताशी संबंध नाही पण पुढे घात करू शकेल अशा गोष्टी. एकेक शक्यता घेऊन ती का मान्य किंवा का अमान्य, हे पुराव्यासकट लिहितात. वाचताना चौकशी करणाऱ्यांच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं. मला विचाराल तर दोघांत हे सरस.

सर्वांत चांगला अहवाल निवडायचा तर मी व्हॉयेजर झेडझेड३३३ चा निवडेन. ९ फेब्रुवारी २०१४, ब्रिटनमधल्या ब्राइझ नॉर्टन तळावरून अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियनला निघालेलं लष्करी वाहतूक विमान, म्हणजे मुळात एअरबस ए३३०. आत १९८ माणसं. काळ्या समुद्रावर ३३ हजार फुटांवर ऑटोपायलट लागलेला, सहवैमानिक जागेवरून उठून बाहेर गेलेला, कॅप्टन एकटा. अचानक विमानानं नाक खाली घातलं आणि २७ सेकंदांत ४,४०० फूट खाली आलं. पट्टा न बांधलेले लोक छतावर आदळले. सहवैमानिक वजनरहित अवस्थेत कसाबसा कॉकपिटमध्ये परतला. विमानाच्या स्वतःच्या संरक्षक यंत्रणांनी उतार आणि वेग हाताबाहेर जाऊ दिला नाही, आणि ते तुर्कस्तानातल्या इंजिरलिक तळावर सुखरूप उतरलं. जखमी बरेच, मृत्यू एकही नाही.

पहिला संशय अर्थातच यंत्रणेवर गेला. कॅप्टन म्हणत होता, ऑटोपायलटनं काहीतरी केलं. चौकशीनं काय केलं ते बघा. फ्लाइट डेटा रेकॉर्डरनं दाखवलं की कॅप्टनची साईडस्टिक, म्हणजे खुर्चीच्या बाजूला असलेली स्टिक, पूर्ण पुढे दाबली गेली होती आणि तशीच धरून ठेवली गेली होती. माणसाचा हात असा दाब देत नाही, तो थोडा तरी हलतो. मग ध्वनिमुद्रण ऐकलं. घटनेच्या क्षणी कॅप्टनच्या खुर्चीची मोटर चालल्याचा आवाज त्यात होता. म्हणजे खुर्ची पुढे सरकली आणि स्टिकही पुढे गेली. खुर्ची आणि स्टिक यांच्यामध्ये काहीतरी होतं. कॅप्टनकडे डीएसएलआर कॅमेरा होता आणि थोडं आधीच त्यानं त्यावर फोटो काढले होते. कॅमेऱ्यावरच्या खुणा तपासल्या, आर्मरेस्ट आणि स्टिक यांच्या मधल्या जागेत तो बसवून पाहिला. बसला. उड्डाणाच्या नोंदीतल्या बारीक हालचालीही जुळल्या. कॅमेरा त्या फटीत ठेवलेला, खुर्ची पुढे घेतली, आर्मरेस्टनं कॅमेरा दाबला आणि कॅमेऱ्यानं स्टिक.

मी हा भाग वाचला तेव्हा मध्येच थांबून पुन्हा पहिल्या पानावर गेलो, इतका तो तर्क स्वच्छ आहे. जवळपास दोनशे माणसांचा जीव एका सैल वस्तूमुळे टांगणीला लागला, हे वाचून अहवाल संपत नाही. लांबच्या फ्लाइटवर एकट्या वैमानिकाला येणारा कंटाळा, कॉकपिटमध्ये सैल सामान ठेवण्याची पडलेली सवय, यांवरही तो बोलतो. कॅप्टनवर पुढे लष्करी न्यायालयात खटला चालला, तो वेगळा विषय. चौकशीनं आपलं काम त्याच्या पलीकडे जाऊन केलं आहे.

१७ नोव्हेंबर २०२१ ला भूमध्य समुद्रात एचएमएस क्वीन एलिझाबेथ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरून एफ-३५बी पाण्यात गेलं, तेव्हा आमच्या गप्पांना ऊत आला होता. कुणीतरी मोबाईलनं टिपलेली क्लिप बाहेर आली होती : विमान रॅम्पच्या टोकापर्यंत रेंगाळत जातं आणि वैमानिक ऐन कडेला इजेक्शन करतो. इंजिनात हवा जाण्याच्या तोंडाचं झाकण काढायचं राहून गेलं होतं. ‘इतकं कसं दिसलं नाही’ यावरच सगळे अडकले होते. अहवाल झाकणांचा हिशोब कसा ठेवला जायचा, जहाजावर कामाचा ताण किती होता, तपासणीच्या कुठल्या पायरीवर ते दिसायला हवं होतं, यात खोलवर शिरतो. मला तो व्हॉयेजरइतका रंगला नाही, थोडा पसरट आहे. पण देखभालीच्या क्षेत्रातल्या माणसानं चुकवू नये.

रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाच्या एक्सएक्स१७७ विमानाबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तो वाचणं जड जातं. ८ नोव्हेंबर २०११, ब्रिटनमधला स्कॅम्प्टन तळ. विमान जमिनीवर उभं असताना फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम यांची इजेक्शन सीट उडाली, मुख्य पॅराशूट उघडलंच नाही आणि ते गेले. सीटचं हँडल आधीपासूनच असुरक्षित स्थितीत होतं, तरीही सेफ्टी पिन त्यात बसत होती, म्हणून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं. आणि पॅराशूट का उघडलं नाही? एका शॅकलचा, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या कडीचा, बोल्ट जास्त कसला गेला होता, त्यामुळे सुटायला हवे ते भाग एकमेकांत अडकून बसले. मी रोज नट कसतो. ‘अजून थोडा घट्ट’ म्हणजे जास्त सुरक्षित, असं धरून चालणाऱ्या प्रत्येकानं ती पानं आणि त्यातले फोटो पाहावेत. टॉर्क रेंचचं महत्त्व मी नव्या मुलांना आता याच अहवालावरून समजावतो.

तक्रारी आहेतच. पहिली काळ्या पट्ट्यांची. नावं झाकणं योग्य आहे, त्याबद्दल वाद नाही; पण कधीकधी ऐन तांत्रिक परिच्छेदातली वाक्यंच्या वाक्यं झाकलेली असतात आणि तर्काचा धागा तुटतो. लष्करी विमान आहे, काही गोष्टी झाकणारच, हे मान्य करूनही काही ठिकाणी हात सढळ वाटतो. दुसरी विलंबाची. आयल्सनचा अहवाल सात महिन्यांत आला, क्वीन एलिझाबेथचा यायला २०२३ उजाडलं. सप्टेंबर २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनात वैमानिकाच्या इजेक्शननंतर जे एफ-३५बी ११ मिनिटं २१ सेकंद एकटंच उडत राहिलं, त्याची अमेरिकी मरीन कोअरची चौकशी ऑक्टोबर २०२४ अखेर बाहेर आली. तोवर अफवा एवढ्या मुरलेल्या असतात की लोकांना खरं कारण ऐकायचंच नसतं. तिसरी तक्रार शोधण्याच्या सोयीची : अहवाल एका जागी सापडत नाहीत, जुने दुवे मेलेले असतात. आवडलेला अहवाल लगेच उतरवून आपल्याकडे ठेवा.

आणि अहवाल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. २ जून १९९४ ला स्कॉटलंडमधल्या मल ऑफ किंटायर इथे ब्रिटिश हवाई दलाचं चिनूक हेलिकॉप्टर झेडडी५७६ कोसळून २९ जण गेले. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला. त्यांच्या घरच्यांनी आणि इतरांनी वर्षानुवर्षं लढा दिला, आणि अखेर २०११ मध्ये माजी न्यायाधीश लॉर्ड फिलिप यांच्या फेरतपासणीनंतर तो ठपका रद्द झाला. मेलेला माणूस आपली बाजू मांडू शकत नाही. गप्पांत ‘पायलट एरर’ हे दोन शब्द फेकण्याआधी ही सतरा वर्षं डोळ्यांपुढे आणावीत असं मला कळकळीनं वाटतं.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी व्हॉयेजर घ्यावा. कुठलीही तयारी लागत नाही, आणि कुणी दगावलेलं नसल्यानं मनावर ताण येत नाही. मग बी-२. यंत्रांत रस असेल तर आयल्सन. त्यानंतर एफ-२२, आणि त्याच्या जोडीला महानिरीक्षकांचं टिपण, दोन्ही शेजारी उघडून. निमरॉड एक्सव्ही२३० या ब्रिटिश टेहळणी विमानाचा अहवाल मात्र शेवटी ठेवा. २ सप्टेंबर २००६ ला अफगाणिस्तानात हवेत इंधन भरल्यावर आग लागून ते विमान १४ जणांसह पडलं. बाहेर आलेलं इंधन गरम हवेच्या नळीपर्यंत पोचलं असावं. ब्रिटिश वकील चार्ल्स हॅडन-केव्ह यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये दिलेला त्यावरचा अहवाल विमानाच्या सुरक्षिततेचे कागद केवळ रकाने भरण्यासाठी कसे तयार झाले, हे संस्था आणि माणसांची नावं घेऊन सांगतो. तो काहीशे पानांचा आहे, एका बैठकीत होत नाही. सलग सुटी असेल तेव्हा घ्या, पेन्सिल जवळ ठेवा, आणि सुरक्षा कागदपत्रांची प्रकरणं गाळू नका. कंटाळवाणी वाटतील, पण सगळा अहवाल त्यांच्यावरच उभा आहे.